डीपीचा सूर आणि बेसची पहिली तार

गुरुवारी रात्री साडेअकराला मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढतो, पण घरी जात नाही. दिवसभरात भरलेल्या मोटारींना व्हार्निश लावून झालेलं असतं, दोन-तीन स्टेटर, म्हणजे मोटारीचे न फिरणारे भाग, भट्टीत सुकत असतात. बाराला पाच मिनिटं कमी असताना हात धुतो, ॲम्प्लिफायर चालू करतो आणि स्टुलावर बसतो. शुक्रवार लागला की नवे अल्बम येतात. १० जुलै २०१५पासून जगभर नवं संगीत शुक्रवारीच यायला लागलं; त्याआधी अमेरिकेत मंगळवार, इंग्लंडात सोमवार असा ज्याचा त्याचा वार होता. आता बहुतेक अल्बम त्या त्या देशात रात्रीचे बारा वाजले की खुले होतात. म्हणजे लातूरला औसा रोडवर बसलेला मी लॉस एंजेलिसमधल्या बँडचा अल्बम खुद्द लॉस एंजेलिसच्या लोकांआधी कितीतरी तास ऐकतो. या गोष्टीचा आनंद अजून एकाही गुरुवारी कमी झालेला नाही.

आमचं मोटर रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देण्याचं, दुकान आहे, वडिलांपासूनचं. बोअरच्या सबमर्सिबल, पिठाच्या गिरणीच्या, डाळ मिलच्या, कूलरच्या, सगळ्या मोटारी आम्ही भरतो. आणि हे वेड लागलं तेही मोटारींमुळेच. २०१६चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वॅगनी, पाच लाख लिटर. त्या वर्षी बोअर आटले होते, लोक आशेनं मोटर चालूच ठेवायचे आणि कोरडी फिरून ती जळायची. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. वडील आणि मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कॉइल भरत बसायचो. तो ढीग पाऊस पडल्यावरही बरेच महिने उपसत होतो, आणि सप्टेंबरात जिओ आलं. फुकटचा डेटा, रात्रीचं काम आणि कानात इयरफोन. अशाच एका रात्री रेड हॉट चिली पेपर्स या अमेरिकन बँडच्या एका जुन्या कार्यक्रमाचा व्हिडिओ समोर आला. त्यात फ्ली नावाचा माणूस बेस गिटार अंगठ्यानं बडवत होता. शब्द मला एक कळला नाही. पण माझा हात ज्या लयीत तार गुंडाळत होता, ती लय त्यानं बदलून टाकली. वेढे मोजायचे चुकले, ती कॉइल मला उसवून पुन्हा भरावी लागली.

मग मी उलटा प्रवाह धरून चालत गेलो. या बँडचा १९८५चा दुसरा अल्बम जॉर्ज क्लिंटन या निर्मात्यानं केला होता, म्हणून क्लिंटनच्या पार्लमेंट नावाच्या बँडकडे गेलो. तिथं बूट्सी कॉलिन्सचा बेस भेटला. बूट्सी कुठला, तर १९७०मध्ये, अठरा वर्षांचा असताना, जेम्स ब्राउनच्या बँडमध्ये होता. आणि जेम्स ब्राउन आपल्या वादकांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा, पहिली मात्रा धरा. इंग्रजीत ते तिला 'द वन' म्हणतात. बाकीच्या मात्रांत काय हवं ते करा, पण सगळ्यांनी पहिल्या मात्रेवर एकत्र उतरायचं. वडिलांच्या भजनी मंडळात पखवाज ऐकत मी वाढलोय. ही तर सम! या संगीताला फंक म्हणतात; त्याच्या एका आवर्तनाचे बारीक भाग मोजले तर ते सोळा भरतात, आपल्या तीनतालाच्या मात्राही सोळा. तालाची घडण वेगळी आहे, हे मला ठाऊक आहे, पण समेवर येताना पोटात जे होतं ते तेच आहे. हे कळल्यावर फंक मला कधी परका वाटला नाही.

नव्याची ओढ तेव्हापासूनची. २०२२मध्ये चिली पेपर्सनी एकाच वर्षात दोन अल्बम काढले, १ एप्रिलला एक आणि १४ ऑक्टोबरला दुसरा, प्रत्येकी सतरा गाण्यांचा. चौतीस नवी गाणी! वयाची साठी जवळ आलेली ही माणसं अजून एवढं वाजवतात याचा मला अभिमान वाटला, जणू ती आमच्या गल्लीतलीच आहेत. ५ एप्रिल २०२४ला ख्रुआंगबिनचा अल्बम आला. हे ह्यूस्टनचं त्रिकूट. गिटार, बेस आणि ड्रम, बस्स. बँडचं नाव थाई भाषेतलं आहे, अर्थ विमान. त्यांच्या बेसमध्ये सूर कमी आणि जागा जास्त. तो अल्बम मी सलग चार वेळा ऐकला आणि सकाळी दुकान उघडायला तिथूनच उठलो.

पण मी जे ऐकत होतो ते अर्धंच होतं. बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मोकळा सूर असतो ४१ हर्ट्झचा. फोनचा स्पीकर इतका छोटा की तेवढ्या खालच्या सुराला तो हात लावू शकत नाही. कान वरच्या छटांवरून खालचा सूर मनात पुरा करून घेतो, म्हणून आपल्याला वाटतं की बेस ऐकू आला. साध्या इयरफोनमध्ये थोडा जास्त येतो, एवढंच. ४१ हर्ट्झची एक लहर आठ मीटरहून लांब असते, आमच्या दुकानाच्या लांबीपेक्षा मोठी. कानाच्या भोकातून ती ऐकू आली तरी अंगावर येत नाही. हे गणित मला पाठ होतं. त्याचा अर्थ कळला तो ८ आणि ९ मार्च २०२५ला, मुंबईत.

महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा हा संगीत महोत्सव होता. ग्रीन डे पहिल्यांदाच भारतात वाजवणार होते आणि माझ्यासाठी त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कोरी वाँग येणार होता, वल्फपेक या बँडमध्ये वाजवणारा तो गिटारवाला. वल्फपेकचा २०१९चा मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला कार्यक्रम मी इतक्या वेळा ऐकलाय की लोक कुठं ओरडतात तेही पाठ आहे. दोन महिने पैसे बाजूला टाकले, वडिलांना दुकान सांभाळायला सांगितलं आणि लातूर-मुंबई रेल्वेनं रात्रीत गेलो. एकटाच. सोबत येणारं कुणी नव्हतं, कारण लातुरात माझ्या ओळखीत हे ऐकणारं कुणी नव्हतं.

गर्दीत पुढं घुसायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. मैदानाच्या मध्यावर साउंडवाल्यांचं टेबल असतं, त्याच्या आसपास सगळा आवाज तोलून येतो, तिथं उभा राहिलो. बेस सुरू झाला आणि शर्टचं कापड हललं. वाऱ्याची झुळूक नव्हती. छातीवरचं खिशाचं कापड प्रत्येक ठोक्याला आत-बाहेर होत होतं. पायाखालची जमीन ऐकत होती. नऊ वर्षं मी ज्याच्यावर जीव लावला होता, ते मी प्रत्यक्षात कधी ऐकलंच नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही. कोरी वाँगचा उजवा हात बघत राहिलो. तो हात थांबतच नाही, सोळाच्या सोळा भाग मारतो, पण डाव्या हातानं तारा हलक्या दाबून त्यातले बरेच आघात मुके ठेवतो. हलगीवर बारीक काडी जशी सतत कुरकुरत असते आणि मोठा ठोका अधूनमधूनच पडतो, तसं. ग्रीन डेचं पंक मी यापूर्वी फारसं मनावर घेतलं नव्हतं. त्या रात्री हजारो गळ्यांतून ऐकल्यावर तेही घेतलं.

परतीच्या गाडीत झोप आली नाही. हे लातुरात व्हायला पाहिजे. माझ्या गावच्या माणसांच्या शर्टांची कापडं हलली पाहिजेत. डीजेमुळं ती हलतात, वर्षभर हलतात, पण त्यात माणूस वाजवत नसतो. माणसानं तार ओढली आणि ती आपल्या छातीत पोचली, हे मला हवं होतं.

एप्रिलमध्ये एक पोरगं दुकानात आलं. उदगीरकडचं, इथं इंजिनिअरिंगला. पाठीवर गिटारची बॅग. मला वाटलं पत्ता विचारायला आलंय.

"दादा, तुम्ही कॉइल भरता ना? एवढी बारीक भरता येईल का?"

बॅगेतून त्यानं बेस गिटार काढली. पुण्यातून जुनी घेतलेली, दोन पिकअपवाली. त्यातला ब्रिजजवळचा, म्हणजे तारा जिथं अडकवतात त्या बाजूचा, पिकअप मेला होता. पिकअप म्हणजे दुसरं काही नाही, चुंबकांभोवती गुंडाळलेली कॉइल. लोखंडी तार तिच्यासमोर थरथरली की कॉइलमध्ये वीज तयार होते. मोटर वीज घेऊन फिरते, पिकअप थरथर घेऊन वीज देतो. आमच्याच खानदानातली वस्तू. मीटर लावला, कॉइल ओपन, म्हणजे आत कुठंतरी तार तुटलेली. उसवली तर तार केसाएवढी, आठ-नऊ हजार वेढे. माझ्याकडं असली तार नव्हती. रिलेच्या कॉइल भरणाऱ्या एका पुण्याच्या व्यापाऱ्याकडून पाव किलो मागवली.

ती कॉइल भरायला मला पाच रात्री लागल्या. सीलिंग फॅनच्या वाइंडिंग मशीनवर बॉबिन बसवला, काउंटर शून्यावर आणला, आणि दोन बोटांत मखमलीचा तुकडा धरून त्यातून तार सोडली. ताण जास्त झाला की तुटते, कमी झाला की वेढे सैल पडतात आणि मग पिकअप किंचाळतो. पहिल्या रात्री बाराशे वेढ्यांना तुटली. दुसऱ्या रात्री चार हजारांना. तिसऱ्या रात्री पंखा बंद केला, कारण पंख्याच्या वाऱ्यानं तार झुलत होती. मशीनच्या दांड्याला थोडं ग्रीस दिलं. चौथ्या रात्री साडेसात हजारांवर असताना शेजारच्या गल्लीतलं कुत्रं भुंकलं आणि माझा हात दचकला. पाचव्या रात्री नऊ हजारांवर थांबलो, मीटरवर साडेसात किलोओहम. आजवर भरलेल्या कुठल्याही मोटारीनं एवढा आनंद दिला नव्हता.

सोल्डर करून ॲम्प्लिफायरला लावली. नवा पिकअप एकटा उत्तम वाजला. जुना एकटा वाजला. दोन्ही एकदम चालू केले आणि बेसचा सगळा मांसलपणा गेला, आवाज पत्र्यासारखा पातळ झाला, वर हम, म्हणजे विजेची गुणगुण, दुप्पट. पोराचा चेहरा उतरला. "दादा, राहू द्या, एकावरच वाजवतो."

मी मात्र हसलो, कारण हा आजार माझ्या रोजच्या ओळखीचा होता. अशा गिटारीतले दोन पिकअप मुद्दाम एकमेकांच्या उलटे केलेले असतात. चुंबकही उलटे, वेढ्यांची दिशाही उलटी. तारेची थरथर दोन्हीकडून एकाच दिशेनं येते आणि मिळते. बाहेरच्या विजेचा हम मात्र एकीकडून सुलटा, दुसरीकडून उलटा येतो आणि एकमेकांना खातो. मी नवी कॉइल जुन्यासारखीच भरली होती. दिशा बघायची राहून गेली होती. म्हणून सूर एकमेकांना खात होते आणि हम मिळत होता. पण पुन्हा नऊ हजार वेढे कशाला? थ्री-फेज मोटर उलटी फिरली तर आम्ही मोटर उसवत नाही, दोन वायरी अदलाबदल करतो. इथंही कॉइलची दोन टोकं अदलाबदल केली.

दोन्ही बटणं पूर्ण फिरवली. शांतता. हम गायब. पोरानं पहिली, म्हणजे सर्वांत बारीक तार मोकळी छेडली. ती धरून ठेवली आणि म्हणालं, "दादा, हे बाहेर काय वाजायलंय?"

बाहेर डीपी होती. आमच्या दुकानासमोरच ट्रान्सफॉर्मर आहे. वीज पन्नास सायकलची, पण ट्रान्सफॉर्मरचा गाभा प्रत्येक सायकलमध्ये दोनदा ताणतो-आकसतो, म्हणून त्याचा गुणगुणाट शंभर हर्ट्झचा. बेसची पहिली तार मोकळी वाजते ९८ला. दोन्ही इतके जवळ की एकत्र झाले आणि दुकानात आवाज हेलकावे घ्यायला लागला, सेकंदाला दोन. आम्ही दोघं कितीतरी वेळ काही बोललो नाही. जन्मापासून ज्या आवाजाशेजारी राहतोय तो बेसच्या पहिल्या तारेचा सूर आहे, हे मला त्या रात्री कळलं.

बँड त्यानंतर जमला. क्लासमध्ये फिजिक्स शिकवणारे एक सर गिटार वाजवायचे, हे त्या पोराला ठाऊक होतं. ड्रमर मिळाला ऑर्केस्ट्रात ऑक्टापॅड वाजवणारा. सोबत त्याच ऑर्केस्ट्राचा कीबोर्डवाला. पण फंकला फुंकीची वाद्यं हवीत, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन, आणि लातुरात ती कुणाकडं असणार? लग्नाच्या बँडवाल्यांकडं. गंजगोलाईजवळ बँडवाल्यांकडं गेलो आणि मास्तरांच्या पाया पडलो. चाळीस वर्षं ट्रम्पेट वाजवणारा माणूस. भाचा सॅक्सोफोनवर.

मास्तरांना हजार गाणी तोंडपाठ. एकदा ऐकलं की वाजवतात. माझ्या फोनवर दोन वाद्यधून गाणी ऐकवली: न्यू ऑर्लिन्सच्या मीटर्स या बँडची १९६९ची एक आणि ॲव्हरेज व्हाइट बँडची १९७४ची एक. दुसरी वाजवणारे तर स्कॉटलंडचे. ज्यांचा हा मुलूखच नाही त्यांनी वाजवली आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेली, हे मी मुद्दाम सांगितलं. सूर मास्तरांनी पंधरा मिनिटांत उचलले. अडचण आली ती थांबण्याची.

"इथं दोन सूर मारायचे, मास्तर, आणि थांबायचं."

"किती वेळ?"

"अर्धं आवर्तन."

"मग मधल्या वेळात काय करायचं?"

"काहीच नाही."

मास्तरांनी ट्रम्पेट मांडीवर ठेवला. "दादा, वरातीत आम्ही थांबलो की मालक पैसे कापतो. चाळीस वर्षं न थांबता वाजवायला शिकलोय."

या वाक्यानं मी गप्प झालो. त्यांच्या न थांबण्यामागं पोट होतं. मग मी जेम्स ब्राउनचं नाव घेतलं नाही, गोलाईचं घेतलं. म्हटलं, मास्तर, गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. कुणी दापक्यातून येतो, कुणी हत्ते नगरातून, पण मधल्या देवीच्या देवळापाशी सगळे पोचतात. ड्रम, बेस, गिटार आपापल्या रस्त्यानं हिंडतायत. तुम्ही देवळापाशी उभे आहात. तुम्ही हलायचं नाही. सगळे आले की एकदाच घंटा वाजवायची.

"म्हणजे सम," मास्तर म्हणाले. "मग सरळ सांग की."

तालमी आषाढीनंतर रविवारी एका डाळ मिलच्या गोदामात केल्या. मिलची मोटर मी भरतो, त्या ओळखीवर मालकांनी जागा दिली. तीन बाजूंनी तुरीच्या पोत्यांच्या थप्प्या. इतका कोरडा, नेमका आवाज मी कुठल्याच खोलीत ऐकलेला नाही. पोती सगळा घुमारा पिऊन टाकतात. ख्रुआंगबिननं आपला पहिला अल्बम टेक्सासमधल्या बर्टन गावच्या एका कोठारात ध्वनिमुद्रित केला होता, ते का, हे मला तिथं कळलं. धुळीनं सॅक्सोफोनवाल्याला शिंका यायच्या, एवढा एक त्रास. एका रविवारी ड्रमर ऑर्केस्ट्राला गेला आणि सगळे म्हणाले, आज तालीम नको. मी पोराला लॅरी ग्रॅहमची गोष्ट सांगितली. तो आईसोबत वाजवायचा; बँडमधला ड्रमर गेला तेव्हा ड्रमची उणीव भरायला त्यानं बेसच्या तारांवर अंगठा आपटायला सुरुवात केली, बोटानं तार वर ओढून स्नेअरचं, म्हणजे कडक वाजणाऱ्या ड्रमचं, काम भागवलं. आज जगभर ज्याला स्लॅप म्हणतात ते तिथून आलं. पोरगं दोन तास तेच करत बसलं. अंगठ्याला फोड आला. पुढच्या रविवारी ड्रमर आल्यावर दोघं एका श्वासात वाजायला लागले.

गोदामाचे सहा-सात हमाल रविवारी तिथंच असायचे. जेवण झालं की पोत्यांवर पडून ऐकायचे. कधी काही बोलले नाहीत.

कार्यक्रम श्रावणात ठेवला. चातुर्मासात लग्नं नाहीत, म्हणून मास्तर मोकळे, मंगल कार्यालय रिकामं आणि भाडं निम्मं. पोलीस ठाण्यात ध्वनिक्षेपकाचा अर्ज, रात्री दहाच्या आत बंद करण्याची हमी, ते सगळं दोन फेऱ्यांत झालं. शंभर रुपये तिकीट. पोस्टर फिजिक्सच्या सरांच्या विद्यार्थ्यांनी हातानं लिहिली.

साउंडवाल्यानं चार बेस आणि चार टॉप आणले. आमच्याकडं 'बेस' म्हणजे डीजेचा तो मोठा डबा. त्यानं सवयीनं खालचं सगळं बटण पूर्ण चढवलं आणि पोराच्या बेसचे सगळे सूर एकाच ढुंममध्ये गेले. त्याची समजूत काढायला तासभर लागला. ढुंम सगळ्यांनाच येतो, मला सूर हवेत, असं म्हणत मी त्याच्या शेजारी उभा राहिलो आणि एकेक करून दोन डबे बंदच करवले. मग आवाज उघडला.

आणि उघडताच हम आला. जाडजूड, सगळ्या स्पीकरमधून. पिकअप तर मी दुरुस्त केले होते! पाच वाजले होते, सातला लोक येणार. साउंडवाला म्हणाला, अर्थची पिन काढून टाकू, हम जातो. तो जातो खरा, पण उद्या कुठं गळती झाली तर गिटारवाल्याच्या बोटांतून आणि माइकला लागलेल्या ओठांतून वीज जाते. मी हात धरला. मीटर घेऊन कार्यालयाच्या मीटर-खोलीत गेलो. न्यूट्रल आणि अर्थमध्ये बावीस व्होल्ट. अर्थिंगचा खड्डा कुठंय विचारलं तर व्यवस्थापकाला माहीत नाही. शोधला. दोन वर्षांपूर्वी घातलेल्या पेव्हर ब्लॉकच्या खाली गेला होता, पावसाचं पाणी त्याच्यापर्यंत पोचतच नव्हतं. चार ब्लॉक उचकले, खाली भुकटी झालेली माती. पाच किलो मीठ मागवलं, आठ बादल्या पाणी ओतलं. माती पाणी पीत होती आणि त्यातून सूं सूं आवाज येत होता. स्टेज, मिक्सर आणि ॲम्प्लिफायर वेगवेगळ्या बोर्डांवर होते, ते सगळे एकाच बोर्डावर, एकाच अर्थवर आणले. माळांचं डेकोरेशन दुसऱ्या फेजवर टाकलं. साडेसहाला मीटर बघितला, तीन व्होल्ट. पोरानं दोन्ही बटणं पूर्ण फिरवली. स्पीकरमध्ये काहीच नव्हतं. त्या काहीच नसण्यासाठी मी दीड तास राबलो होतो.

एकशे चौऱ्याहत्तर तिकिटं गेली. क्लासची पोरं-पोरी, काही पालक, ऑर्केस्ट्राची माणसं, मास्तरांचं सगळं कुटुंब. आणि पहिल्या रांगेत डाळ मिलचे हमाल, इस्त्रीच्या शर्टात, तिकीट काढून.

पहिली दोन गाणी लोकांनी नुसतं बघितलं. टाळ्या वाजवल्या, पण खुर्चीतून. तिसऱ्याला मास्तर आणि भाचा पुढं आले. दोन सूर मारले आणि थांबले. मागच्या कुणीतरी "वाजवा की!" म्हणून ओरडलं, त्याला वाटलं विसरले. मास्तर हलले नाहीत. ट्रम्पेट ओठाशी, डोळे मिटलेले. ड्रम आणि बेस आपल्या रस्त्यानं चालले होते, सरांची गिटार कुरकुरत होती. आणि सम यायच्या अर्धा क्षण आधी पहिल्या रांगेतल्या सात हमालांचे हात वर गेले. सहा रविवार पोत्यांवर पडून ऐकलेलं होतं त्यांनी. सम कुठं येते ते त्यांना आमच्याइतकंच पाठ होतं. हात खाली आले, ट्रम्पेट-सॅक्स-ड्रम-बेस एकदम पडले, आणि माझ्या छातीवरचं खिशाचं कापड हललं. पुढच्या आवर्तनाला तिसऱ्या रांगेपर्यंत हात वर होते. त्याच्या पुढच्याला सगळं कार्यालय उभं होतं. पोरी खुर्च्या बाजूला सारत होत्या. मास्तर थांबत होते, थांबत होते, आणि चाळीस वर्षांत वाजवलेल्या सगळ्या वराती त्या एका सुरात घालत होते.

पावणेदहाला बंद केलं. हिशोबात अकराशे रुपये कमी पडले, ते मी घातले. पोरगं आता दुसऱ्या कार्यक्रमासाठी स्वतःची एक धून बसवतंय, सात मात्रांची काहीतरी, मला ती अजून पुरती पटलेली नाही आणि मी तसं त्याला सांगितलंय. ड्रमखाली जाड सतरंजी हवी. किक मारताना सेट पुढं सरकत होता.

परवा गुरुवारी रात्री शटर अर्धं ओढून बसलो होतो. पावणेबाराला खालून दोन पाय दिसले, मग मास्तर वाकून आत आले, मागं भाचा. स्टूल एकच आहे, म्हणून मास्तर एका मोठ्या स्टेटरवर गोणपाट टाकून बसले. बारा वाजले, नवा अल्बम उघडला, मी पहिलं गाणं लावलं. अर्ध्या मिनिटातच मास्तरांनी हात वर केला.

"थांब. पहिल्यापासून लाव. सम कुठंय ते बघू दे."